दोन्ही एकदम का पडतात

परळीचं औष्णिक वीजकेंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पूर्ण थांबलं होतं. २१० मेगावॉटचे तीन संच, २५० मेगावॉटचे दोन, मिळून ११३० मेगावॉट. पाचही संच एकामागोमाग बंद करावे लागले. दुष्काळाचं वर्ष होतं. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून केंद्राला पाणी मिळतं आणि बंधाऱ्यात ते उरलंच नव्हतं. औष्णिक केंद्र म्हटलं की कोळसा दिसतो, राख दिसते, चिमण्या तर लांबूनच दिसतात. पाणी कुणाच्या नजरेत भरत नाही. पण वाफ करायला पाणी लागतं आणि ती वाफ पुन्हा निववायला त्याहून कितीतरी जास्त लागतं. पाच संचांचे बॉयलर वेगळे, टर्बाइन वेगळे, पाणी मात्र सगळ्यांचं एक. म्हणून पाच संच का थांबले, याला पाच उत्तरं नव्हती.

आता याच बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं एखादं गाव घेऊ. समजा, माजलगाव. तिथे एका कर सल्लागाराचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. जुलैचा शेवटचा आठवडा, विवरणपत्रं भरायची घाई, शेजारच्या सेवा केंद्रात पीकविम्यासाठी सकाळपासून रांग. नेमका अशा वेळी ऑफिसातला ब्राउझर उघडला की थोड्या वेळानं आपोआप मिटतो. मेलचा प्रोग्रामही तसाच. ऑपरेटर पोरगा सांगतो, “साहेब, आधी ब्राउझर उडाला, मग मेल. परत चालू केलं तर परत उडायलंय. काल तर नीट होतं.” दुरुस्तीवाल्याला फोन जातो. मशीन न बघताच पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “फॉरमॅट मारून टाकू.”

फॉरमॅटनं पुष्कळदा काम होतं, हे मी नाकारत नाही. पण काम झालं तरी काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही, आणि नाही झालं तर दोष शोधायच्या खुणा फॉरमॅटनंच पुसून टाकलेल्या असतात. शिवाय त्या उत्तरात एक मोठी माहिती वाया जाते. ती माहिती पोराच्या तोंडून आधीच आलेली आहे: एक नाही, दोन प्रोग्राम पडताहेत.

एकच प्रोग्राम पडत असता तर चौकशी त्याच्यापासून सुरू करणं रास्त होतं. एखादं वाईट एक्स्टेन्शन असेल, अपडेट अर्धवट राहिलं असेल, त्याची स्वतःची एखादी फाइल खराब झाली असेल. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या कामाचे प्रोग्राम एकाच आठवड्यात पडायला लागले, तर दोघांचं एकाच वेळी स्वतंत्रपणे बिघडणं हा योगायोग मानावा लागेल. योगायोग घडतात, त्यांच्याकडे मी शेवटी येईन. पण पहिला संशय योगायोगावर नको. पहिला प्रश्न असा हवा: या दोघांमध्ये सामायिक काय आहे? ब्राउझर काढून पुन्हा टाकणं, मग मेल प्रोग्राम काढून पुन्हा टाकणं, ही धडपड परळीत टर्बाइन बदलून पाहण्यासारखी आहे.

मग कोणते दोन, हे पाहायला हवं. कारण प्रत्येक जोडीचं सामायिक वेगळं असतं.

ब्राउझर आणि मेल हे एकेकाळी एकच होते. नेटस्केप कम्युनिकेटर १९९७ साली आला, त्यात दोन्ही एकत्र होते. त्याच घराण्यातला मोझिला सूट २००२ मध्ये १.० झाला, तोही तसाच. एखाद्या वेबसाइटनं ब्राउझर पाडला की अर्धवट लिहिलेलं पत्रही त्याच्याबरोबर जायचं. पुढे ही दोन कामं वेगळी केली गेली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स, डिसेंबरमध्ये थंडरबर्ड असे दोन स्वतंत्र प्रोग्राम आले. तरी दोघांच्या पोटात गेको हे एकच इंजिन राहिलं. म्हणजे ही जोडी पडत असेल तर सामायिक अंश फार मोठा आहे.

मायक्रोसॉफ्टकडे वेगळी गंमत झाली. जुना आउटलुक एक्स्प्रेस पत्रं दाखवायला इंटरनेट एक्स्प्लोररचंच इंजिन वापरायचा. मोठा आउटलुक २००३ पर्यंत तेच करत होता. २००७ पासून तो वर्डकडे वळला, आणि आताचा नवा आउटलुक पुन्हा ब्राउझरच्या इंजिनावर, एजच्या, उभा आहे. तेव्हा क्रोम आणि आउटलुक २०१६ एकदम पडत असतील तर इंजिन सामायिक नाही, कारण आणखी खाली शोधावं लागेल. एज आणि नवा आउटलुक पडत असतील तर मात्र इंजिनावरच संशय घ्यायला जागा आहे. दुरुस्तीवाल्यानं फोनवर विचारायला हवा तो पहिला प्रश्न हा: “कोणता ब्राउझर अन् कोणता मेल?” मला तरी हा प्रश्न क्वचितच ऐकू आला आहे.

आणखी खाली म्हणजे कुठे? त्यासाठी एक जुना दाखला घेतो. अंबाजोगाई याच जिल्ह्यात. तिथे संतकवी दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जपलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं. पंचीकरणाचा हिशोब असा की डोळ्यांना दिसणारं कोणतंही महाभूत निखळ नसतं. अर्धा भाग त्याचा स्वतःचा, उरलेल्या अर्ध्यात बाकी चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. दिसणाऱ्या पाण्यात पृथ्वीही आहे, तेजही आहे. चालू असलेला ब्राउझर असाच मिश्र असतो, फक्त त्याचे वाटे इतके नीट मोजलेले नसतात. पडद्यावर अक्षरं रेखाटायचं काम विंडोजच्या एका भागाकडे असतं. चित्र आणि व्हिडिओ भराभर हलवायचं काम ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे असतं. येणारं-जाणारं सगळं तपासून पाहण्यासाठी अँटिव्हायरस आपला एक तुकडा ब्राउझरच्या आत बसवून ठेवतो. हे सगळे तुकडे त्याच प्रोग्रामच्या जागेत, त्याच्या मेमरीत राहतात. त्यातल्या एकानं चूक केली की पूर्ण प्रोग्राम पडतो आणि पडद्यावरच्या चौकटीत नाव येतं ते ब्राउझरचं.

मेल प्रोग्रामही तेच अक्षर-रेखाटन, तोच ड्रायव्हर, तोच अँटिव्हायरस वापरत असतो. म्हणजे वर नावं दोन, पण खालचे वाटेकरी बहुतेक तेच.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कॉम्प्युटरवरचं नाही, आयफोनवरचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की तेलुगू लिपीतलं ‘ज्ञा’ हे एक जोडाक्षर पडद्यावर आलं की ॲप कोसळतं. मेसेज असो, मेल असो, ब्राउझर असो, ज्याच्यात ते अक्षर दिसणार ते पडणार. आपल्या ‘ज्ञानेश्वरी’ या नावाचं पहिलं अक्षर, दुसऱ्या लिपीत! हे सगळे ॲप बनवणारे वेगवेगळे होते, पण कुणाचंही ॲप अक्षर स्वतः रेखाटत नव्हतं. ते काम ॲपलच्या एकाच सामायिक भागाकडे होतं आणि त्या भागाला हे जोडाक्षर मांडता येत नव्हतं. त्याच महिन्यात ॲपलनं ११.२.६ ही दुरुस्ती दिली आणि सगळी ॲप्स एकदम बरी झाली. कुणालाही आपलं ॲप बदलावं लागलं नाही. आपल्याकडच्या ऑफिसांत हा धडा उपयोगी आहे, कारण मराठी कामाच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं गोळा केलेले शेकडो फाँट असतात. कुणी सीडीवरून, कुणी पेनड्राइव्हवरून टाकलेले. त्यातला एखादा मोडका फाँटही दोन-तीन प्रोग्रामांना एकदम खाली आणू शकतो.

अँटिव्हायरसबद्दल थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण लोकांचा त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो. रखवालदारावर चोरीचा आळ कोण घेणार? पण या रखवालदाराला घराच्या प्रत्येक खोलीत जायची मुभा आहे. त्याचं वेब-संरक्षण ब्राउझरमध्ये शिरतं, मेल-संरक्षण मेलमध्ये शिरतं, आणि दोन्ही एकाच अपडेटनं बदलतात. एखादं अपडेट सदोष निघालं की नेमके हेच दोन प्रोग्राम पडणार. सुरक्षेचं सॉफ्टवेअर किती खोल बसलेलं असतं ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. विमानतळ अडले, रुग्णालयं अडली. उपाय होता सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल उडवण्याचा. तिथेही कुणी ना कुणी फॉरमॅट मारलंच असणार, अशी मला दाट शंका आहे.

एका कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसच्या दोन कंपन्या नांदत असतील, एक कॉम्प्युटरबरोबर आलेली आणि दुसरी दुकानदारानं टाकून दिलेली, तर आधी त्यातली एक काढावी. मग बाकीचं बोलावं.

डिस्कचं थोडक्यात. सी ड्राइव्ह लाल पट्टी दाखवण्याइतका भरला असेल तर विंडोजला मेमरीची पुरवणी म्हणून डिस्कवर जी फाइल वाढवावी लागते ती वाढवता येत नाही, आणि जो प्रोग्राम सगळ्यात जास्त मेमरी मागतो तो आधी पडतो. बहुतेक ऑफिसांत तो ब्राउझरच असतो. जागा मोकळी करून पाहायला वेळ लागत नाही, पैसे तर नाहीतच.

आता खरी गाठ. सामायिक असलेल्या इतक्या गोष्टींतली दोषी कोणती, ते ओळखायचं कसं?

प्रोग्राम पडला की विंडोज त्याची नोंद ठेवतो. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं तरी दिवसवार तक्ता उघडतो, त्यात लाल फुल्या दिसतात. एखाद्या फुलीवर टिचकी मारली की आत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कोणता प्रोग्राम पडला, आणि त्याखाली कोणत्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे आतल्या कोणत्या तुकड्यात पडला, तिथे कितव्या जागी. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आपापली वेगळी नोंदही ठेवतात. ही माहिती मराठीत नाही, सोपीही नाही. पण ती पूर्ण कळायची गरज नसते. पाच-सात नोंदी वहीवर एकाखाली एक उतरवून काढायच्या आणि एवढंच पाहायचं: मॉड्यूलचं नाव प्रत्येक वेळी तेच आहे की दर वेळी वेगळं?

दोन्ही प्रोग्रामांच्या नोंदीत तेच नाव पुन्हापुन्हा येत असेल, तर दोषी सापडल्यात जमा आहे. नाव ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं असेल, अँटिव्हायरसचं असेल. सॉफ्टवेअरमधली चूक ही लिहिलेली चूक असते. ती जिथे लिहिली गेली तिथेच बसते आणि त्याच परिस्थितीत तिथेच ठेच लावते.

नावं मात्र भटकत असतील, ब्राउझर एकदा इथे पडला, दुसऱ्यांदा भलतीकडेच, मेल तिसऱ्याच ठिकाणी, आणि त्यांत काही सूत्रच दिसत नसेल, तर सॉफ्टवेअर सोडून रॅमकडे वळावं. रॅममधली एखादी जागा खराब असते, तिथे ठेवलेला आकडा परत घेताना वेगळाच निघतो. त्या जागेवर आज ब्राउझरच्या कामाचा कोणता भाग जाऊन बसेल, हे दर वेळी बदलतं. म्हणून पडण्याचं ठिकाण बदलतं. दोष एका जागी ठाम असतो, तरी त्याची लक्षणं सगळीकडे फिरतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळंच बिघडलंय.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटतो: “रॅम खराब असती तर टॅली पण पडली असती की. टॅली तर मस्त चालायली.” आक्षेप घेणाऱ्यानं दोन गोष्टी लक्षात घेतलेल्या नसतात. टॅली थोड्या मेमरीत भागवते, ब्राउझर दहा-बारा टॅब उघडून मोठा पट्टा व्यापतो. खराब जागेवर पाय पडण्याचा संभव त्याचाच जास्त. आणि ब्राउझर व मेल सकाळी उघडले की संध्याकाळपर्यंत उघडेच असतात. त्या दोघांत सामायिक काय, या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे: दोघं दिवसभर जागे असतात. बाकीचे प्रोग्राम तासाभराचे पाहुणे. म्हणून ‘हे दोनच पडतात’ यातला ‘च’ थोडा संशयानं घ्यावा. दुसऱ्यांना पडायला पुरेसा वेळच मिळालेला नसेल.

रॅमची परीक्षा विंडोजमध्येच आहे, व्हिस्टापासून आहे, मेमरी डायग्नॉस्टिक नावानं. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालतो आणि जास्त कसून पाहतो. तो रात्रभर लावून घरी जावं. यात एक असमानता आहे. एक जरी चूक सापडली तर रॅम किंवा तिच्याशी निगडित काहीतरी दोषी आहे हे पक्कं. एका फेरीत काहीच सापडलं नाही तर मात्र निर्दोषत्व सिद्ध होत नाही, कारण खराब जागा तापल्यावरच हुकत असेल. एप्रिल-मे महिन्यांत बीडचा पारा ४० च्या पुढे असतो. सकाळी आठ वाजता पास झालेली रॅम दुपारी तीनला तशीच राहील याची हमी नाही.

आपल्याकडचे कारागीर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासतात आणि परत बसवतात. मोठ्या शहरातले काही जण या प्रकाराला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. धुळीच्या प्रदेशात, उघड्या खिडकीखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या रॅमचा संपर्क बिघडणं अगदी साहजिक आहे आणि नीट घासून बसवलं तर तो सुधारतो. माझा आक्षेप घासण्याला नाही. कारागीर त्याच बैठकीत रॅम घासतो, अँटिव्हायरस काढतो, ड्रायव्हर बदलतो आणि शिवाय ब्राउझर नवा टाकतो. कॉम्प्युटर सुरळीत झाला तर चौघांतलं श्रेय कुणाचं? महिन्यानं पुन्हा पडायला लागला तर चारही पुन्हा. एका वेळी एकच बदल करावा आणि मग थांबावं. थांबणं अवघड असतं, मला कळतं. समोर शेतकरी, व्यापारी, मास्तर कागद घेऊन बसलेले असतात आणि त्यांना उद्या या म्हणायचं असतं.

पण एकच बदल असा निवडता येतो की त्यानं शक्यतांचे दोन ढीग पडतात. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड शिफ्टची कळ दाबून उघडले की ट्रबलशूट मोडची चौकट येते. या मोडमध्ये एक्स्टेन्शन बंद असतात आणि ग्राफिक्स कार्डाची मदतही. समजा, दोघंही या मोडमध्ये ठणठणीत चालले. दोघांची एक्स्टेन्शन वेगळी आहेत, तेव्हा दोघांना एकाच वेळी पाडणारं एक्स्टेन्शन नसणार. राहिली ग्राफिक्सची मदत. ड्रायव्हर बदला, किंवा सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद ठेवा. क्रोममध्येही ते बंद करता येतं.

तेवढ्यानं नाही जमलं तर विंडोजच नेटवर्किंगसह सेफ मोडमध्ये चालू करावा. तिथे ग्राफिक्सचा साधा ड्रायव्हर असतो, अँटिव्हायरसही सहसा उठत नाही. तिथे सगळं स्थिर असेल तर दोष वरच्या सॉफ्टवेअरच्या थरात. तिथेही पडत असेल तर बहुधा खाली, रॅम किंवा डिस्कमध्ये. त्याहून स्वच्छ परीक्षा म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून त्यातला ब्राउझर दोन तास वापरणं. डिस्कवरच्या विंडोजचा, त्याच्या ड्रायव्हरचा, अँटिव्हायरसचा, फाँटचा त्यात काहीच वाटा नसतो. तरी पडला, तर फॉरमॅट मारून काहीही होणार नाही, हे फॉरमॅट न मारताच कळलं.

रॅमच्याही खाली एक थर आहे, आणि आपल्या भागात तो सोडून चालत नाही. रॅमला, डिस्कला लागणारी वीज एसएमपीएस देतो. डीपीवर शेतीपंपांचा भार आला की दाब खाली जातो, पंप एकदम थांबले की वर उसळतो. यूपीएस टेबलाखाली असतो, दिवा हिरवा असतो, आतली बॅटरी मात्र मेलेली असते. लाइट गेल्यावर ते कळतं. उन्हाळे खाऊन एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगतात आणि मग तो देतो ती वीज सरळ राहत नाही. पूर्ण कॉम्प्युटरच रीस्टार्ट होत असेल तर वीज किंवा उष्णता यांवर थेट संशय जातो. पण वीज थोडीच हलत असेल तर कॉम्प्युटर चालू राहतो, रॅममधला एखादा आकडा बिघडतो, आणि पडतो तो बिचारा ब्राउझर.

अर्थिंगचं तर विचारूच नका. खड्ड्यात पट्टी, कोळसा आणि मीठ घालून केलेलं अर्थिंग ओल असेपर्यंतच नीट काम करतं. उन्हाळ्यात माती सुकली की जमीन वीज घेईनाशी होते. म्हणून जाणते वायरमन त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगतात. ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरनं येतं तिथे खड्ड्याला पाणी कोण घालणार, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही.

सामायिक गोष्ट ऑफिसच्या भिंतीबाहेरही असू शकते, म्हणून शेजाऱ्याला विचारण्याचा सोपा उपाय कधी विसरू नये. १३ जानेवारी २०२२ ला जगभर फायरफॉक्स उघडत होता आणि अडकून बसत होता. फायरफॉक्समध्ये एक जुनी चूक निद्रिस्त होती. दूरच्या सर्व्हरच्या मांडणीत झालेल्या बदलानं ती जागी झाली. त्या दिवशी कुठल्याही कॉम्प्युटरवर काहीही नवीन टाकलेलं नव्हतं. अशा दिवशी शेजारच्या सेवा केंद्रात डोकावून “तुमचं चालायलंय का?” एवढं विचारणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

आता योगायोग. दोघांचे दोष खरोखरच वेगळे असतील असंही घडतं. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत सगळी पत्रं एकाच पीएसटी फाइलमध्ये साठायची आणि त्या फाइलला २ जीबीची मर्यादा होती. मर्यादा ओलांडली की फाइल बिघडायची. अशी जुनी फाइल अजून पुढे पुढे नेत वापरणारी ऑफिसं आहेत. त्याच कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल, ज्याचा आधार मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला आणि ज्याच्यासाठी क्रोम १०९ व्या आवृत्तीपाशी थांबला, तर ब्राउझर त्याच्या कारणानं रडतो आणि मेल त्याच्या. सामायिक काय असेल तर ते मशीनचं वय. दोन प्रोग्रामांच्या नोंदींत दोन वेगळी मॉड्यूल, पण प्रत्येकाच्या बाबतीत ठाम, दर वेळी तीच, असं दिसलं तर समजावं की ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत. म्हणून आधी नोंदी, मग निष्कर्ष. सामायिकाचा शोध हा पहिला प्रश्न आहे, पण दर वेळी उत्तर त्यातच निघेल असं नाही.

आणि या सगळ्याच्याही आधी करायचं एक काम. जुन्या ऑफिसांत मेल अनेकदा पीओपी पद्धतीनं उतरवलेला असतो. सर्व्हरवरून पत्र आलं की तिथलं पुष्कळदा पुसलं जातं आणि ते फक्त या कॉम्प्युटरवर उरतं. अशिलांनी पाठवलेले दाखले, पावत्या, विभागाची पत्रं, सगळं त्या एका फाइलमध्ये किंवा थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये. ज्या डिस्कवर संशय आहे तिच्यावरच ते पडून असतं. मेल प्रोग्राम बंद करावा, ते पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावं, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडते का ते पाहावं. मगच रॅमला हात लावावा. दुरुस्तीवाला “डेस्कटॉपचा डेटा घेतला, साहेब” म्हणाला तर त्याला शांतपणे विचारावं, मेल कुठल्या फोल्डरमध्ये असतो ते. डेस्कटॉपवर तो नसतो.